काटकोनकाकूंचा गोल चष्मा

काटकोनकाकूंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका दुःखाच्या घरी. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर वारले होते आणि आम्ही सगळे शिक्षक त्यांच्या पत्नीला भेटायला गेलो होतो. अशा ठिकाणी जसं असतं तसंच होतं. खुर्च्या कमी, माणसं जास्त, आणि काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं. समोरच्या भिंतीवर सरांचा फोटो नुकताच लावलेला होता. सगळ्यांच्या माना खाली होत्या. तेवढ्यात कोपऱ्यातून एक ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाई उठल्या आणि फोटोकडे निघाल्या. आम्हाला वाटलं, आता या हात जोडतील, नाहीतर डोळे तरी पुसतील. त्यांनी फोटोच्या खालच्या कोपऱ्याला एक बोट लावलं आणि तो तांदळाच्या दाण्याएवढा वर ढकलला. दोन पावलं मागे आल्या, डावा डोळा मिटला, उजव्याने बघितलं, पुन्हा पुढे गेल्या, अर्धा दाणा खाली घेतला आणि जागेवर येऊन बसल्या. बसताना समाधानाचा जो सुस्कारा टाकला तो सगळ्या खोलीला ऐकू गेला.

सरांच्या पत्नी म्हणाल्या, "जन्मभर मी त्यांना ताठ उभे राहा म्हणून सांगत होते. माझं नाही ऐकलं कधी."

कुणीतरी तोंड दाबून हसलं, मग आणखी कुणी, आणि मग सरांच्या पत्नीही. नंतर त्या मला म्हणाल्या, त्या आठवड्यात मला मोकळा श्वास आला तो तेव्हाच.

बाहेर आल्यावर मी चौकशी केली. कळलं की या फ्रेमवाल्या काकू. पोरं त्यांना काटकोनकाकू म्हणतात. तोंडावर नुसतं काकू. मीही काकूच म्हणत आले, वयाने मी मोठी असूनही, कारण त्यांच्याकडे बघितलं की आपण काहीतरी वाकडं करून ठेवलंय असं वाटतं आणि आपोआप धाकटेपणा येतो.

त्यांचं दुकान बाजाराच्या मागच्या रस्त्याला, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी. अरुंद आणि खोल, बोगद्यासारखं. दोन्ही भिंतींवर फ्रेमच्या लाकडांचे नमुने टांगलेले; प्रत्येक नमुना म्हणजे फ्रेमचा एकच कोपरा. सोनेरी कोपरे, काळे कोपरे, नक्षीचे कोपरे. भूमितीच्या बाईला स्वर्ग असलाच तर तो असा असावा, असं मला तिथे पहिल्यांदा गेल्यावर वाटलं. आत करवतीपाशी काका, म्हणजे काकूंचे यजमान. काका दिवसभर लाकडाच्या पट्ट्यांची टोकं तिरकी कापतात. एका पट्टीचा अर्धा काटकोन आणि दुसरीचा अर्धा काटकोन मिळून एक कोपरा होतो, असे चार कोपरे झाले की फ्रेम. सांगायला सोपं आहे. एका टोकाला केसभर चूक झाली तर तीन कोपरे गुमान मिटतात आणि चौथा तोंड उघडून बसतो. मग काका दोऱ्याने फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजतात, दोन्ही सारखे आले की मान हलवतात, नाही आले तर नुसतं "हं" म्हणतात. काका बोलतात ते एवढंच. कामाशिवाय बसतात तेव्हा खुर्चीत पाठ टेकून पाय लांब सोडतात. पाठ आणि पाय यांच्यात चांगला विशालकोन होतो. काकू येता-जाता म्हणतात, "अहो, जरा घडी घाला स्वतःची."

काकूंचं काम फ्रेम लावण्याचं. गिऱ्हाईकाच्या हातात फ्रेम दिली म्हणजे काम झालं, हे त्यांना मान्यच नाही. फ्रेम भिंतीवर गेली पाहिजे आणि ती त्यांनीच लावली पाहिजे. हातोडी, खिळ्यांची डबी, बस. ना पट्टी, ना ओळंबा, ना लेव्हल. भिंतीसमोर पाय जुळवून उभ्या राहायच्या, डावा डोळा मिटायचा, आणि थोड्या वेळाने भिंतीवर एका जागी बोट ठेवून म्हणायच्या, "इथे." तिथे खिळा, खिळ्यावर फ्रेम, आणि ती फ्रेम कधी तसूभर इकडे-तिकडे नसायची.

नजर अशी असली की ती फक्त भिंतीपुरती राहत नाही. काकू कुणाकडे जेवायला गेल्या तर ताटाशेजारचा चमचा ताटाच्या कडेला नीट लावल्याशिवाय घास घेत नाहीत. दाराबाहेरच्या चपला समांतर करून मगच आत येतात. एकदा दातांच्या डॉक्टरकडे त्या तोंड उघडून पडल्या होत्या. डॉक्टर हत्यार घेऊन वाकले तर त्या बोटाने समोरच्या भिंतीकडे खुणा करू लागल्या. डॉक्टर घाबरून थांबले. काकूंनी तोंडातला कापूस काढला आणि म्हणाल्या, "तुमचं सर्टिफिकेट उजवीकडे उतरलंय. आधी ते बघा, नाहीतर मला भूल चढायची नाही."

सून घरात आली तेव्हाची गोष्ट सूनच सांगते. पहिल्याच आठवड्यात तिने टॉवेल घडी करून ठेवले. काकूंनी काही न बोलता ते उलगडले, कोपऱ्याला कोपरा लावून पुन्हा घड्या घातल्या आणि जागेवर ठेवले. दुसऱ्या दिवशी तेच. "मला वाटलं, माझंच काहीतरी खटकतंय त्यांना," सून म्हणते. "आठ दिवस रडले. मग बघितलं तर त्या शेजारच्यांच्या दोरीवरचे टॉवेलसुद्धा नीट करत होत्या." तेव्हापासून दोघींचं चांगलं जमलं. आता सून दुकानात काच कापते आणि सासूला येता-जाता चिडवते. दोघी एकत्र चालल्या की काकू रस्त्याच्या मधोमध, सरळ. आणि सून त्यांच्याभोवती नागमोडी.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते एका शपथेमुळे झालं. दुकानात कुणीतरी लेव्हल विकायला आला होता. ती पट्टी असते ना, मधे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. काकूंनी त्याला दारातूनच परत पाठवलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "ज्या दिवशी माझी नजर चुकेल त्या दिवशी हातोडी खाली ठेवीन. घरी बसेन, वाटाणे सोलेन." लोक हसले. सून नाही हसली. कारण काकू बोलल्या म्हणजे बोलल्या. समोरच्या बेकरीची पाटी तिरकी होती तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ही सरळ होईपर्यंत तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही. बेकरीचा मालक बदलला, पाटी बदलली, आता तिथे शिंप्याचं दुकान आहे. काकू अजूनही कपडे शिवायला दुसऱ्या गल्लीत जातात.

मग गेल्या वर्षी त्यांना चष्मा लागला.

चष्मेवाल्याने पुढ्यात ट्रे ठेवला. चौकोनी फ्रेमा होत्या, लांबट होत्या. काकूंनी निवडली ती अगदी वाटोळी, नाण्यासारखी. सून म्हणाली, "आई, तुमचं तोंड गोल, त्यावर हे गोल. चंद्रावर दोन चंद्र." काकू म्हणाल्या, "दिवसभर चौकोनच बघते मी. नाकावर तरी थोडा विसावा नको?" तर अशा रीतीने जन्मभर काटकोनात राहिलेल्या बाईने म्हातारपणी वर्तुळाशी सोयरीक केली.

काही दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या आणि दारातच थांबल्या. "बाई, तुमचं दार पडलंय."

मी दचकून दाराकडे बघितलं. दार जागेवर होतं.

"पडलंय म्हणजे झुकलंय," काकू म्हणाल्या. "चौकटच तिरकी बसवली आहे. इतके दिवस माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

मी म्हटलं, "काकू, या दारातून तुम्ही वर्षानुवर्षं ये-जा करताय."

"तेच म्हणते ना. आता चष्म्यामुळे नीट दिसतंय." त्या आत येऊन बसल्या. "आणि तुमचंच नाही. गल्लीतली सगळी दारं तशीच. दिव्याचे खांब तसेच. पाण्याची टाकी तर बघवत नाही. या गावच्या मिस्त्र्यांना झालंय काय?"

मी मिस्त्र्यांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, सगळे मिस्त्री एकाच बाजूला कसे चुकतील. त्या म्हणाल्या, "एकाच गुरूकडे शिकले असतील." मी म्हटलं, मी इतकी वर्षं कोन शिकवले, मला तर दार सरळ दिसतंय. त्या म्हणाल्या, "तुम्ही फळ्यावरचे कोन शिकवले, बाई. फळा कुणी बसवला होता? मिस्त्र्यानेच ना?"

 मी चहा ठेवला.

त्या दिवशी त्या आल्या होत्या निवृत्तीच्या वर्षीच्या माझ्या शेवटच्या वर्गाचा फोटो लावायला. पाय जुळवले, डावा डोळा मिटला, "इथे" म्हणाल्या, खिळा ठोकला, फोटो लावला, माझ्या दाराकडे एकदा दयेने बघितलं आणि गेल्या. मी फोटोसमोर बसले. थोड्या वेळाने वाटायला लागलं की मागच्या रांगेतली पोरं हळूहळू एका बाजूला सरकतायत आणि कडेचा मुलगा आता कोणत्याही क्षणी स्वयंपाकघरात घरंगळत येणार. मला वाटलं, मान आखडली असेल. शेक घेतला. दुसऱ्या दिवशीही पोरं घसरतच होती.

मग मी लोकांच्या घरी गेले की भिंतीकडे बघायला लागले. जिथे जिथे काकूंनी नवी फ्रेम लावली होती तिथे तिथे फ्रेम झुकलेली. आणि गंमत अशी की सगळ्या एकाच बाजूला, एकाच कोनात. चार घरांतल्या चार फ्रेमा मनातल्या मनात एका कागदावर मांडल्या तर एकमेकींना तंतोतंत समांतर आल्या असत्या. चुकायलाही शिस्त लागते, ती काकूंकडे होतीच.

पण सांगणार कोण? ज्यांनी आपल्या घरात येऊन आपल्या चपला सरळ केल्या त्यांना कोण म्हणणार, काकू, तुमची फ्रेम तिरकी आहे? सगळे गप्प. एका घरातल्या आजोबांनी तर आपल्या खुर्चीच्या एका बाजूच्या पायांखाली जुनी पुस्तकं सरकवली होती, म्हणजे ते स्वतःच फ्रेमच्या कोनात बसतील. मला म्हणाले, "आता बरं दिसतं. चहाचा कप मात्र धरून बसावं लागतं."

एका दुपारी काकूंची सून माझ्याकडे आली. हातात फडकं. "बाई, काच पुसायला आले. आमच्याकडून फुकट असतं आता."

मी म्हटलं पूस, आणि आत गेले. पाणी घेऊन बाहेर आले तर ती एका हातात मोबाइल फ्रेमच्या वरच्या कडेला टेकवून, दुसऱ्या हाताने फ्रेम सारखी करत होती. मोबाइलमध्येही लेव्हल असते, हे मला तेव्हाच कळलं. मला बघून ती तशीच थांबली.

"काच बरीच मळली होती वाटतं," मी म्हटलं.

ती खुर्चीत बसली. "बाई, आईंना सांगू नका."

"किती घरं झाली?"

"सगळी. माझ्या लक्षात आलं गेल्या आठवड्यात, तेव्हापासून त्यांच्या मागून फडकं घेऊन फिरतेय." तिने फडक्याची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, सवय लागली होती बिचारीला. "त्यांना कळलं तर हातोडी ठेवतील. तुम्हाला माहीत आहेत त्या. घरी बसतील आणि खरंच वाटाणे सोलतील. मग त्यांचं काय होईल? त्या कामामुळेच उभ्या आहेत."

"काकांना माहीत आहे?"

"बाबांना पहिल्या दिवसापासून दिसतंय. मी विचारलं, बोलला का नाहीत? तर म्हणाले, मला वाटलं तिला आता तसंच आवडायला लागलं असेल."

खरी पंचाईत पुढेच होती. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना बांधला होता, तीन मजली. जिन्याच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत पक्ष्यांची चित्रं लावायचं काम काकूंना मिळालं होतं. घरात एकटी फ्रेम असते, ती तिरकी असली तरी तो भिंतीचा आणि आपला आपसातला मामला. जिन्यात कठडा असतो, तो फ्रेमांच्या रांगेला समांतर चढतो. रांग जरा ढळली तर कठडा लगेच चहाडी करतो. शिवाय दिवसभर पेशंटची वर्दळ. फडकं घेऊन जाणार कधी?

आम्ही दोघींनी मिळून एक उपाय केला आणि तो पार फसला. सुनेने सासूला लेव्हल भेट दिली. म्हणाली, आई, नवीन आहे, गंमत म्हणून बघा. काकूंनी ती दुकानातल्या, नुकत्याच स्वतः लावलेल्या फ्रेमवर ठेवली, डोळा मिटून बघितलं, बुडबुडा एका बाजूला गेलेला दिसला, आणि त्या तडक लेव्हल घेऊन ज्या दुकानातून ती आणली होती तिथे गेल्या. दुकानदाराला म्हणाल्या, "बुडबुडा बिघडलेला आहे, बदलून द्या." त्याने दुसरी दिली. तीही बिघडलेली. तिसरीही. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "काकू, बुडबुडा बिघडत नसतो हो, ती नुसती हवा आहे." काकू घरी येऊन म्हणाल्या, "मिस्त्री का चुकतात ते आज कळलं."

जिन्याचं काम सुरू झालं त्या सकाळी मी गुडघा दाखवायचं निमित्त करून दवाखान्यात गेले. गुडघा दुखतच होता, पण गेले त्यासाठी नाही. काकूंनी खालच्या पायरीपासून सुरुवात केली. एक बगळा लावला, एक खंड्या लावला. कठड्याकडे बघून म्हणाल्या, "हाही पडलाय." सून खिळ्यांची डबी धरून उभी होती.  रिसेप्शनवरची मुलगी त्या दोन चित्रांकडे बघून मान जराशी वाकडी करत होती, पुन्हा सरळ करत होती.

काकू पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर पोचल्या. तिथे कठड्यावरून त्यांनी सहज खाली बघितलं, मग वर बघितलं, आणि थांबल्या.

जिन्याच्या मधल्या पोकळीत डॉक्टरीणबाईंनी एक दिवा सोडला होता. वरच्या छतापासून एकच लांब तार, आणि अगदी खाली काचेचा गोळा. मी वर्गात मुलांना सांगत असे, कोन बारीक असला तरी त्याच्या भुजा लांब वाढवून बघा, टोकांमधलं अंतर केवढं होतं ते. दाराएवढ्या उंचीत जे डोळ्याला जेमतेम खटकतं, ते तीन मजले लांब गेल्यावर लपत नाही.

"ही तार कुणी लावली?" काकूंनी विचारलं.

"इलेक्ट्रिशियनने, आई."

"तिरकी आहे."

सुनेने खिळ्यांच्या डबीचं झाकण लावलं. 

काकू कठडा धरून बघत राहिल्या. डावा डोळा मिटलेला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, आम्हाला नव्हे, "टांगलेली तार तिरकी कशी असेल?"

दार मिस्त्री बसवतो, खांब कामगार रोवतात, त्यांच्या नावाने खडे फोडता येतात. टांगलेल्या तारेला कुणी बसवत नाही. खाली वजन असतं आणि ती आपली आपण सरळ होते. हे काकूंना मी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी चष्मा काढला. तारेकडे बघितलं. चष्मा घातला. पुन्हा काढला. मग पायरीवर बसल्या आणि हातोडी शेजारी ठेवली, पायरीच्या कडेला समांतर.

 एक पेशंट "जरा सरकता का" म्हणून वर गेला.

"काच पुसायला जात होतीस म्हणे तू घरोघर," काकू म्हणाल्या.

"हो, आई."

"कशाने सारख्या केल्यास? नजरेने?"

"मोबाइलने."

काकूंनी डोळे मिटले. हा घाव मोठा होता.

तिथून आम्ही तिघी चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने चष्मा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि हसला. म्हणाला, "काकू, काही नंबर सगळीकडून सारखे असतात, भिंग कसंही बसवलं तरी चालतं. तुमच्या नंबराला दिशा आहे. उजव्या डोळ्याचं भिंग फ्रेममध्ये फिरलंय. स्क्रू सैल, आणि फ्रेम गोल, त्यामुळे ते फिरून अडकलं तरी बाहेरून काही कळत नाही. चौकोनी फ्रेम असती तर फिरलंच नसतं. चष्मा पुसता कसा?"

काकूंनी करून दाखवलं. अंगठ्याने दाबून, जोर देऊन, गोल गोल.

"एवढा जोर लावून?"

"काच गोल गोलच पुसायची असते," काकू म्हणाल्या. "आमचा धंदा आहे तो."

"आणि आई एक डोळा मिटून बघतात," सून म्हणाली. "नेमका डावा. म्हणजे सगळा कारभार त्या फिरलेल्या भिंगातून." तिचा जीव भांड्यात पडला होता. "आई, म्हणजे नजर चुकलीच नाही. भिंग चुकलं. शपथ नजरेची होती."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "मी मिस्त्र्यांना विचारलं होतं का, की बाबांनो, तुमचा काही स्क्रू सैल आहे का? नाही ना विचारलं? मग मला कशाला सवलत?"

चष्मेवाल्याने भिंग बसवलं, स्क्रू घट्ट केला, आणि चौकोनी फ्रेमांचा ट्रे पुढे केला. काकूंनी तो मागे सारला. "गोलच राहू दे. चूक गोलाची नाही, स्क्रूची आहे."

हातोडी मात्र त्यांनी खरंच खाली ठेवली. घरी बसल्या. वाटाणे आणले आणि सोलायला लागल्या. मी भेटायला गेले तर स्वयंपाकघरात सोललेल्या शेंगांची टरफलं एकाखाली एक, वहीतल्या रेघांसारखी मांडून ठेवलेली. मी म्हटलं, काकू, दुकानात या. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या गुडघ्याला वाटाणे चालतात का? एक डबा घेऊन जा." काका दुकानातून आले, ओट्यावर नजर टाकली आणि म्हणाले, "पुन्हा वाटाणे." काकांचं एवढं मोठं भाषण मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचे फोन येत होते. अर्धा जिना रिकामा, फ्रेमा पायऱ्यांवर भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आणि एका पेशंटचा पाय घुबडाच्या चित्राला लागता लागता राहिला होता. शेवटी सून एकटी गेली. काकूंनी लावलेल्या खालच्या फ्रेमा नीट केल्या आणि मोबाइल टेकवून टेकवून पुढच्या लावत गेली.

त्याच दिवशी काकूंना एकदम आठवलं की आपल्याला रक्तदाब तपासायचा आहे. मला म्हणाल्या, "चला बाई, सोबतीला." मी गेले. दवाखान्यात शिरल्यावर त्या रिसेप्शनकडे न जाता जिन्याच्या तळाशी उभ्या राहिल्या. वर सून शिडीवर होती.

तिने लावलेली प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती अगदी सरळ होती. मोबाइल खोटं बोलत नव्हता. पण मोबाइल एका वेळी एकाच फ्रेमवर बसतो. त्याला रांग दिसत नाही. कठडा आपल्या चढाने वर चालला होता आणि फ्रेमांची रांग वर जाता जाता अलगद त्याच्याकडे झुकत होती, जशा समांतर म्हणून काढलेल्या दोन रेघा पोरांच्या वहीत कागदाच्या कडेला पोचेपर्यंत जवळ येतात. एवढंसंच होतं. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. मला दिसलं ते काकूंचा श्वास अडकलेला ऐकल्यावर.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "काकू, रक्तदाब बघायचा ना? या." काकू हलल्या नाहीत. मला वाटतं तेव्हा घेतला असता तर तो भलताच निघाला असता.

शेवटी त्या म्हणाल्या, "सूनबाई."

सून शिडीवरून वळली. "आई? तुम्ही कधी आलात?"

"मी हातोडीला हात लावणार नाही."

"नका लावू."

"बोललेय मी तसं."

"माहीत आहे, आई."

"पण बोलायचं नाही असं काही मी बोलले नव्हते."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "नाही," ती म्हणाली, "तसं काही बोलला नव्हता तुम्ही."

"मग ते घुबड वर घे. दाणाभर. नाही, एवढं नाही. घुबड आहे, घार नाही. हां. आता पोपट. आणि तो मोबाइल खाली ठेव, मान मोडेल एखाद्या दिवशी."

दुपारपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी खाली येऊन सगळा जिना बघितला आणि म्हणाल्या, "छान झालंय." काकू म्हणाल्या, "तुमचा कठडाही सरळ आहे. मी उगाच बोलले त्याला." नंतरच्या आठवड्यात त्या गावातल्या मिस्त्र्यांकडे एकेकाकडे जाऊन, तुमच्याबद्दल वेडंवाकडं बोलले, मनावर घेऊ नका, असं सांगून आल्या. एकाकडे मात्र गेल्या नाहीत. त्याने बसवलेलं दार दुरुस्त भिंगातूनही तिरकंच दिसत होतं.

आता फ्रेमा लावायला दोघी जातात. खिळा सून ठोकते आणि काकू समोर उभ्या राहून सांगतात. सून म्हणते, पूर्वी त्या गप्प राहून काम करायच्या, आता सगळं काम तोंडाने असतं, त्यापेक्षा हातोडी बरी होती. काकू काही ऐकून घेत नाहीत. रोज सकाळी काकांच्या आधी दुकानात पोचतात, कुलूप स्वतः उघडतात, आणि कुणाकडे फ्रेम लावायला जायचं नसेल त्या दिवशी काच पुसत बसतात.